गळ्यात घालायची नोकरी

(बिनखिडकीची खोली. एक खुर्ची, एक आरसा. दाराबाहेर पहारेकरी. आत हाराचा राखणदार आणि खुर्चीत बसलेली लेक.)

राखणदार: केस पुढे घे. हां. मान सैल सोड. तुझी आईसुद्धा सुरुवातीला अशीच ताठ बसायची, फोटो काढायला बसल्यासारखी.

लेक: थंड आहेत हो, काका.

राखणदार: आत्ताच पेटीतून काढलाय ना हार. मोती अंगाची ऊब धरतात, पण घाई करत नाहीत. हा हार जिच्यासाठी घडवला, त्या राणीलासुद्धा हेच खुपलं म्हणतात. लग्नात एकदा घातला, दुसऱ्या दिवशी काढून ठेवला. कुणीतरी गार हात ठेवल्यासारखं वाटतं म्हणाली.

लेक: आई कधी बोलली नाही हे.

राखणदार: बाईंना इतिहासात रस कुठला! मी सांगत राहायचो, त्या विणत बसायच्या. पुढे राजाची गादी गेली. सगळे पळाले, तेव्हा हार पाळण्यातल्या गादीत शिवून आणला.

लेक: आणि बाळ?

राखणदार: आलं असेल तेही. त्याचं कुणी लिहून ठेवलं नाही. नंतर एका गायिकेनं विकत घेतला. तिनं झोपतानाही उतरवला नाही, आणि मोत्यांना खरं पाणी चढलं ते तिच्याच गळ्यावर. तिच्यामागून एका सावकाराकडे गेला, त्यानं लोखंडी कपाटात कोंडला. बाहेर निघाला तेव्हा मोती नुसते खडू! मोत्याला जपून भागत नाही गं, माणूस लागतो.

लेक: म्हणून आई.

राखणदार: म्हणून तुझी आई. रोज दुपारी यायचं, हार घालून या खुर्चीत बसायचं, संध्याकाळी उतरवून घरी जायचं. त्याआधी किती जणी बसवून पाहिल्या! कुणाचा घाम आंबट, कुणाला पुरळ. बाईंच्या गळ्यावर मात्र महिन्याभरात झळाळी. मालक म्हणाले, या बाईंना हातून जाऊ देऊ नका.

लेक: बाहेर प्रदर्शनाची पाटी वाचली मी. राणी, गायिका, सावकार. त्यापुढे ‘कंपनीच्या देखरेखीखाली’.

राखणदार: हो.

लेक: देखरेख म्हणजे आई.

राखणदार: पाटी लहान असते, बाळ.

लेक: तक्रार नाही करत मी. मला काहीच वाटत नाही, काका. आई गेल्यापासून असंच आहे. दात काढताना सुई टोचली की गाल कसा होतो, तसं. लोक येतात, रडतात, मी त्यांच्यासाठी चहा टाकते. दादा म्हणतो, दगड आहेस.

राखणदार: म्हणू दे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

लेक: जळतही नाही हो. तेच तर सांगतेय... आईच्या गळ्यात असताना मोती फिके पडल्याचं तुम्हाला केव्हा दिसलं?

राखणदार: मागच्या वर्षी. मानेकडचे काही. वाटलं, बाईंनी साबण बदलला असेल.

लेक: घरीही तेच. आई तोंड पाडून बसली, आपल्यामुळे हाराला काहीतरी होतंय म्हणून. मी दुसरा साबण आणला. मग तिसरा. दादानं पाण्याची टाकी धुऊन घेतली.

राखणदार: आम्ही तपासायला पाठवले. चांगल्या तज्ज्ञांकडे.

लेक: मोती.

राखणदार: हो. मोती.

लेक: तिला डॉक्टरकडे न्यावं, हे कुणालाच सुचलं नाही. तिला स्वतःलाही नाही. शेवटी चक्कर येऊन पडली तेव्हा आजार कळला, आणि तेव्हा सगळं हाताबाहेर गेलं होतं.

राखणदार: दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे. काय बोलणार.

लेक: नका बोलू. मी ते बोलायला नाही आले. तुम्ही बोलावलंत, म्हटलं एकदा घालून बघू.

राखणदार: इकडे वळ जरा. वा. तिन्ही पदर कसे बसलेत! कातडी बाईंचीच आहे. मालकांना कळवतो, जमतंय म्हणून. नाहीतर हार पुन्हा कपाटात, आणि आईची सगळी वर्षं पाण्यात.

लेक: ऊब आली आता.

राखणदार: आली ना?

लेक: आईच्या गळ्याची ऊब अशीच असेल, नाही?

राखणदार: मला काय विचारतेस? तिची लेक तू.

लेक: नियम सांगा.

राखणदार: बाईंचेच. अत्तर नाही, क्रीम नाही, उन्हात मान उघडी टाकायची नाही. घरी लहान कुणी आहे?

लेक: मुलगी आहे. चार वर्षांची.

राखणदार: गळ्यात पडते?

लेक: झोपताना. त्याशिवाय झोपतच नाही.

राखणदार: तेवढं मात्र बंद करावं लागेल. लाळ, चिकट हात, कुठे नख लागलं तर मानेवर ओरखडा. हात धरून झोपव की.

लेक: आईपण हातच धरायची.

राखणदार: मग झालं तर! चार दिवस रडेल. मुलांना सवय होते.

लेक: होते. मला झाली होती.

राखणदार: मग उद्यापासून येतेस?

लेक: हूक काढा, काका. मुलगी झोपायच्या आत घरी जाते.