वाघचा वाढदिवस

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. सोपा वाटेल, पण कुणी मांडी सैल करू नका. समोरच्याचं वाक्य सुधारणं आणि समोरच्याचं म्हणणं समजून घेणं, यांत आधी काय? — पाहा, पहिल्या रांगेतले गुरुजी लगेच म्हणाले, सुधारणं! त्यांच्या शेजारी त्यांच्या सौभाग्यवती बसल्या आहेत. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, तर वाक्य पुरं व्हायच्या आत दुरुस्त झालं असतं!

आता उत्तर मी देत नाही. आख्यान देईल. आणि हे आख्यान पुराणातलं नव्हे बरं का. सांगलीतलं आहे. यात राक्षस नाही, शाप नाही. आहे फक्त एक वाढदिवस.

निरंजन देवस्थळी आणि त्यांच्या पत्नी अनघाताई. अनघाताई माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात. भाजीवाल्याच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांना एक मुलगी, अन्वी. दुसरीत. फेब्रुवारीत तिला सातवं संपून आठवं लागायचं.

अन्वीच्या बाकावर एक मैत्रीण बसते. वाघ. आडनाव वाघ! वर्गात बाई तिला आडनावानेच हाक मारतात, म्हणून मुलंही तसंच म्हणतात. या वाघचा जन्म मे महिन्यातला. मे महिन्यात शाळेला काय असतं? सुट्टी! म्हणजे सगळ्या वर्गासमोर उभं राहावं, टाळ्या व्हाव्यात, गाणं व्हावं — हे तिच्या वाट्याला कधी आलंच नाही. एकदा तिने अन्वीला विचारलं, "सगळे आपल्याकडं बघून गातात, तेव्हा कसं वाटतं गं?"

अन्वी म्हणाली, "माझा दर वर्षी होतो. यंदा आमच्या घरी तुझा करू."

झालं! सात वर्षांच्या मुलीने शब्द दिला. मंडळी, मोठ्यांचा शब्द कागदावर असतो, तरी फिरतो. मुलांचा शब्द कुठेच लिहिलेला नसतो. म्हणून तो मोडला, तर दाखवायला पुरावाही उरत नाही. आता हा शब्द राहतो की जातो, एवढीच गोष्ट आहे.

अन्वी घरी आली. म्हणाली, "आई, या वेळी वाघचा वाढदिवस करायचा."

अनघाताई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाघचा नाही गं बाळा. वाघाचा म्हणावं. घ-ला काना."

"वाघाचा," अन्वी म्हणाली. शहाणी मुलगी! आईचं ऐकलं — आणि तिथेच घात झाला!

निरंजनराव तर उठूनच उभे राहिले. "थीम ठरली! जंगल! आणि राजा वाघ!" ताबडतोब कागद घेतला, तक्ता आखला. हल्ली वाढदिवसाला नुसता शिरा-पुरी करून भागत नाही, त्याला कल्पना लागते, हे आपण जाणताच. पाहुण्यांना पानांच्या टोप्या. दाराला वेली. केकवर पट्टे!

"बाबा, वाघला मध्ये बसवायचं. मोठ्या खुर्चीत."

"वाघाला," आई म्हणाली.

"बसवू की!" बाबांनी लिहून घेतलं.

"आणि वाघला मी टोपी घालणार."

"वाघाला," आई म्हणाली.

"टोपीवाला वाघ! अनघा, हिची कल्पनाशक्ती बघ!"

"आणि सगळ्यांनी वाघकडे बघून गाणं म्हणायचं. माझ्याकडे नाही."

इथे तरी थांबायचं की नाही? कोणतं मूल म्हणतं, माझ्या वाढदिवसाला माझ्याकडे बघू नका? पण बाबा लिहीत होते आणि आई काना देत होती. अन्वीला काय वाटलं? आईबाबा सगळ्याला हो म्हणाले! तिने दुसऱ्या दिवशी बाकावर सांगून टाकलं, "ठरलं. रविवारी पाच वाजता."

आमंत्रणं फोनवरून गेली. सोसायटीतली मुलं, नृत्याच्या वर्गातली मुलं. शनिवारी अन्वीने पुन्हा विचारलं, "वाघला बोलावलंय ना?"

"बोलावलंय म्हणजे? मिरजेहून निघालाय!" बाबा म्हणाले. मिरजेच्या दुकानातून माणसाएवढा कापडी वाघ यायचा होता.

अन्वी गोंधळली. "वाघ मिरजेला कशाला गेली?"

"गेली नाही, गेला," आई म्हणाली. "वाघ पुल्लिंगी. स्त्रीलिंगी वाघीण."

"वाघीण म्हटलं की ती रडते," अन्वी गंभीरपणे म्हणाली.

आईबाबा पोट धरून हसले! तुम्हीही हसलात. मीही पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा हसलो. पण मंडळी, त्या घरात तेव्हा न हसणारं एकच माणूस होतं, आणि खरं तेच बोलत होतं.

रविवार उजाडला. पाच वाजले. पंचवीस मुलं, डोक्यावर पानं. मधल्या खुर्चीत कापडी वाघ, ऐटीत! आणि अन्वी? ती दाराशी. सव्वापाच झाले. साडेपाच झाले.

"अन्वी, चल, केक कापू."

"वाघ नाही आली."

"हा काय! खुर्चीत कोण बसलंय?"

"हा नाही. वाघ. माझ्या बाकावरची."

अनघाताईंच्या हातातली ताटली हातातच राहिली. "वाघ... आडनाव?"

अन्वी रडली नाही, मंडळी. ती शांतपणे म्हणाली, "मी वाघचा म्हटलं होतं. तूच म्हणालीस, वाघाचा म्हण."

इथे कुणी तरी पूर्वपक्ष मांडेल — "बुवा, म्हणजे मुलांना अशुद्धच बोलू द्यायचं का?" थांबा! अशुद्ध बोललं कोण? जनावर असेल, तर वाघाचा. आडनाव असेल, तर वाघचा. मुलगी पहिल्यापासून शुद्धच बोलत होती! चूक आईची होती. आणि हा भेद आई स्वतः नववीच्या वर्गाला दर वर्षी शिकवत होती. तेव्हा व्याकरणाला बोल लावू नका. व्याकरण बिचारं निर्दोष आहे. दोषी आहे ती घाई!

अनघाताईंनी ताटली ठेवली, मुलीने वहीत लिहून घेतलेला वाघचा पत्ता पाहिला आणि स्कूटर काढली. गावभागात, हळदीच्या गोदामामागे दोन खोल्या. पायरीवर एक मुलगी. निळा फ्रॉक, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या. दारात तिचे वडील.

"ताई, तुम्ही हिच्या मैत्रिणीच्या आई व्हय? पोरगी चारपास्नं अशीच बसलीया. म्हनती, आज माजा वाढदिवस हाय, मैत्रिणीच्या घरी सोडा मला. म्या म्हटलं, फेब्रुवारीत कुटला गं तुजा वाढदिवस? लहान पोरांचं बोलनं, कोन खरं धरतंय?"

अनघाताईंनी त्यातला एक शब्दही दुरुस्त केला नाही. एवढंच म्हणाल्या, "ती खरं बोलत होती. आम्हाला ऐकू आलं नाही. तुम्हीही चला."

पोरीला स्कूटरवर मागे बसवलं. वडील सायकलवर निघाले. वाटेत अनघाताईंच्या मनात चिंता उभी राहिली. केकवर नाव आहे अन्वीचं! मुलीला खुर्चीत बसवाल, पण समोर दुसरीचं नाव ठेवून गाणार? चौकात थांबून त्यांनी विचारलं, "बाळा, तुझं स्वतःचं नाव काय गं?"

"अन्वी."

"ते आमच्या अन्वीचं झालं. तुझं?"

"माजंबी अन्वीच. वर्गात दोघी झालो ना, म्हणून बाई मला वाघ म्हणतात."

अनघाताईंना पुढचा रस्ता नीट दिसेना, मंडळी. पुसले डोळे, आणि मग स्कूटर सुरू केली.

कापडी वाघ जमिनीवर उतरला. खुर्चीत ती बसली. अन्वीने तिला टोपी घातली आणि बाजूला उभी राहिली. पंचवीस मुलांनी, आईबाबांनी आणि दाराशी चपला काढून उभ्या असलेल्या एका बापाने गाणं म्हटलं. नाव एकच घेतलं. दोघींनाही पुरलं.

श्रोतेहो, प्रश्न आता तुमच्याकडे येतो. आईने मुलीच्या शब्दाला काना दिला. कान दिला नाही. गुरुजी, तुम्ही मान हलवता आहात, पण मी तुम्हा एकट्यालाच म्हणत नाही. आज इथून घरी जाल, तेव्हा कुणी तरी तुमच्याशी काही बोलेल. मूल असेल, सून असेल, म्हातारा बाप असेल. वाक्य वेडंवाकडं असेल. तोंडावर दुरुस्ती आलेली असेल. ती गिळा, आणि आधी विचारा — "म्हणजे कोण? म्हणजे काय?" उत्तर येईपर्यंत थांबा. आपल्यासाठी कुणी तरी कुठल्या तरी पायरीवर चार वाजल्यापासून बसलेलं असेल.