पार्कात न्यायचा कागद

—थांब, थांब. ते परत वाच. 'नऊ पंचवीस ते नऊ तीस, बाथरूम.' व्हय रे गोकुळ? पाचच मिनिटं? आन् पोरीला पावणेदहाला लागली म्हंजी काय, लेट मार्क लावणारेस का तिला? — हसू नको तर काय करू मग! थोरली बहीण हाय मी तुझी, मी न्हाई हसायचं तर कुणी हसायचं? बस इथं सावलीला. त्या क्रेटवर न्हाई, भरलीये ती — ह्या पालथ्या घमेल्यावर बस. आन् हात मोकळं ठेवू नको, डागी फुलं बाजूला काढत बस. शेवंती काय तुझ्या पार्कासाठी थांबायची न्हाई. हां. आता वाच. आन् हे रंग कसले भरलेत? पिवळं म्हंजी पाण्यातलं खेळ, हिरवं म्हंजी कोरडं — आन् लाल? — 'रिस्क'! आरं देवा. रांजणगावच्या कंपनीत क्वालिटीला लागलास तवाच मी आमच्या ह्यांना म्हणलं होतं, हा आता भाकरी बी मोजून गोल करून मागंल. पोरगी हाय ती, गोकुळ. नऊ वर्षांची पोरगी. पट्ट्यावरनं आलेला पार्ट न्हाई, गेज लावून बघायला.

न्हाई, चेष्टा करते पण कळतंय मला. न कळायला काय झालं? दोन वर्षांत पहिल्यांदा तुझी समृद्धी दोन दिवस तुझ्या हाताला मिळतीय — शनिवारी तो पाळण्यांचा पार्क, रात्री लोणावळ्यात मुक्काम, रविवारी परत. नायतर हायच की तुझं ठरलेलं — महिन्यातनं एक रविवार, तो बी सुट्टी टाकून, दौंडला सासऱ्याच्या पुढच्या खोलीत जाऊन बसायचं. सासरा तोंडापुढं पेपर धरून. तू आन् पोरगी टीव्हीकडं तोंड करून. सविता आतनं चहा पाठवणार, स्वतः काय उंबऱ्याच्या बाहेर येणार न्हाई. दोन बिस्किटं खाल्लीस की उठणार, पोरीच्या पाठीवर हात ठेवणार, 'अभ्यास कर' म्हणणार आन् गाडीला किक. — मला कुणी सांगितलं? तूच की. — न्हाई सांगितलंस? मग असंच, अंदाजानं म्हणलं. त्यात काय एवढं. पुढं वाच.

'सकाळी सात, दौंड, दारात.' बरोबर. मित्राची गाडी आणतोयस ते बी बरोबर. 'एसी चालू' — न्हाई. खोड ते. एसी न्हाई लावायचा, काच खाली ठेवायची. बंद गाडीत उलटी होती तिला, पाटस यायच्या आत होती. — आरं पोरींना होतीच ह्या वयात, त्यात काय विचारतोस? लिंबू ठेव जवळ, आन् बडीशेप. आन् हे काय — 'वेणी बांधणे, दहा मिनिटं'? तुला वेणी येती? — मोबाईलवर बघून शिकलास? कुणाच्या डोक्यावर? — खुर्चीला सुतळी बांधून! गोकुळ, गोकुळ! दाखव बरं हात. खरंच शिकलास का रे? — राहू दे, बाबा. केस कापलेत तिनं. मानेपर्यंत. वेणीची दहा मिनिटं दे त्या बाथरूमला.

आन् ते लाल रंगातलं मोठं, उलटं फिरणारं — त्यात बस म्हणावं तिला. तिथं दारात उंचीची पट्टी असती ना? त्याची काळजी नको. चार फूट चार हाय ती. चपला काढून.

…

काय बघतोस असा? — बरं. बरं, ऐक. चिडायचं न्हाई. ते फूल चुरगळू नको, चांगलं हाय ते. गोकुळ, माझा गुडघा दुखत न्हाई. आता न्हाई — म्हंजी कवाच दुखला न्हाई. दौंडला तो हाडाचा डॉक्टर म्हणते ना मी, तो असंल बी, मला म्हाईत न्हाई, मी कवा गेले न्हाई. दर दुसऱ्या गुरुवारी तू मला तुझ्या सुट्टीच्या दिवशी गाडीवरनं न्हावऱ्याला सोडतोस, एसटीत बसवून देतोस, 'आक्का, जपून चढ' म्हणतोस — आन् मी लंगडत चढते. मुद्दाम. तो कंडक्टर सुद्धा हात देतो. आन् दौंडला उतरले की ताडताड चालत समृद्धीच्या शाळेपुढं. सविता येती तिथं. मग आम्ही तिघी रसवंतीत बसतो. तिथल्याच खांबाला लावून मोजली पोरीला, गेल्या खेपेला. तुझ्या ह्या पार्कासाठीच मोजली. आता बोल काय बोलायचं ते.

का म्हणून गेले? आता तू विचारलं न्हाईस, पण सांगते. दोन वर्षांमागं पोरगी दवाखान्यात, सलाईन लावलेली, सविता तुला फोनावर फोन करतीय आन् तुझा फोन कंपनीच्या लॉकरात, तू डबल शिफ्टला. ते तुझं. ते मी माझ्या अंगावर घेत न्हाई. पोरीला घेऊन ती दवाखान्यातनं सरळ माहेरी गेली, तिथपर्यंत माझा काय संबंध न्हाई. पण तिसऱ्या दिवशी — मी कारेगावला तुझ्या खोलीवर भाकऱ्या करायला आले होते — तू गाडी पुसलीस, इस्त्रीचा शर्ट घातलास आन् निघालास तिला आणायला. आठवतंय? चावी हातात होती तुझ्या. आन् मी म्हणलं, 'बस खाली. आपण जायचं न्हाई. आठ दिवसांत आपोआप येती का न्हाई बघ.' आन् तू बसलास. मी म्हणलं आन् तू बसलास! एवढा बाप्या गडी, चावी खिशात घालून जेवायला बसलास. आठ दिवसांची दोन वर्षं झाली, गोकुळ. आन् तू मला एका शब्दानं बोलला न्हाईस कवा. बोलायला पाहिजे होतंस. मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. तू आपला दर खेपेला येतोस, पिशवीत माझ्यासाठी गोळ्या घेऊन — गुडघ्याच्या. मी त्या डब्यात टाकते. भरलाय डबा.

जाऊ दे. ते जाऊ दे. पार्काचं बघू. तुला वाटतंय, पोरीनं हट्ट धरला — फोनवर म्हणाली, 'पप्पा, मला न्या.' म्हणाली, पण तिच्या मागं सविता उभी होती. सविताच मला म्हणाली, 'आक्का, दोघं बापलेक त्या खोलीत दवाखान्यात नंबर लावल्यासारखे बसतात हो. जाऊ देत कुठंतरी. आरडाओरडा करू देत.' तिचं डोकं हाय हे. आन् पोरगी — सांगू का? सांगू नको म्हणली होती मला. पोरगी भ्यालीये. पाळण्याला न्हाई रे, तुला. — आरं तसं न्हाई, वेड्या! तू ओरडशील म्हणून न्हाई. दोन दिवस पप्पांशी बोलायचं काय, ह्याला भ्यालीये. मला रसवंतीत विचारत होती, 'आत्या, पप्पांना काय आवडतं?' वहीचं मागचं पान काढलं आन् नंबर घालून लिहायला लागली. तुझीच लेक ती. मी काय सांगणार? म्हणलं, भरीत आवडतं, जुन्या गाड्यांची नावं पाठ हायत, आन् लहान होता तवा कवठ्याच्या यात्रेत पाळण्यात बसला आन् वरनं आईच्या नावानं बोंबलत होता, पाळणेवाल्यानं मधेच थांबवून उतरवला. तिनं ते बी लिहून घेतलं. पाच नंबरला. 'पप्पा पाळण्यात का रडले — विचारणे.'

बघ, आता हसलास. आन् आता तूच ह्या कागदावर बघ. साडेबारा ते एक जेवण. एक ते सव्वा विश्रांती. सव्वाला लगेच पिवळं. बोलायला जागा कुठं ठेवलीस? एका बी रंगात न्हाई. ती पाच नंबर विचारणार कवा — रांगेत, मागनं लोकं ढकलत असताना? निम्मं खोड. खोड म्हणते ना. सगळे खेळ खेळून कोण तुला सर्टिफिकेट देणारे? आन् त्या लालमध्ये तू बसू नको. चक्कर येती तुला, ती लपवू नको. सांग तिला — 'मला भ्या वाटतं गं.' हसंल ती. हसू दे. तिला वरनं खाली बघू दे, बाप उभा हाय का न्हाई ते. तू उभा राहा. मोबाईल खिशात, आन् मान वर.

काय? — मोठ्यानं बोल, शेजारच्या विहिरीवरल्या मोटारीच्या आवाजात ऐकू आलं न्हाई. — काय म्हणलास?

परत म्हण.

…'सविता कशी हाय.'

आरं… दोन वर्षं झाली, गोकुळ. माझ्या गाईचं विचारलंस, दाजींच्या बीपीचं विचारलंस, पोरीच्या मार्कांचं तर दर खेपेला. हे आज विचारतोस व्हय. — म्हाईत हाय मला. कशी हाय, काय खाती, कशाला हसती, कशाला न्हाई, सगळं म्हाईत हाय. पण मी न्हाई सांगायची. एकदा मधे बोलले त्याचं काय झालं ते बघितलं आपण. शनिवारी ती स्वतः बाहेर येणार हाय, पोरीची बॅग घेऊन, गाडीपर्यंत. मला म्हणालीये तसं. तवा गाडी चालू ठेवून आत बसून राहू नको. बंद कर. खाली उतर. बॅग हातातनं घे आन् तिलाच विचार, जसं आत्ता मला विचारलंस तसंच. काय सांगंल ते सांगंल. न्हाई सांगितलं तरी विचार.

आता उठ. उठ, चल, झालं आपलं बोलून. शेजारचे पोपटराव येतायत बांधावरनं, उगा विचारत बसतील काय झालं, काय झालं. जा, हौदावर तोंड धू जा आधी.