ओठ हलले म्हणून

औरंगपुऱ्यातल्या एका ऑनलाइन पदवीच्या कार्यालयात मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे बिडकीनच्या अंगणवाडीतल्या सुलेखाताई होत्या, खिडकीत कारकून मुकुंदराव.

“तुमचा पेपर रद्द झालाय, मॅडम. घरून परीक्षा देताना कॅमेऱ्यात तुमचे ओठ हलताना दिसले. संगणकानं कॉपी म्हणून नोंदवलंय.”

“मी प्रश्न वाचत होते, साहेब.”

“मनात वाचायचं.”

“मला तसं समजत नाय. आमच्या घरात वाचायला शिकलेली मी पहिलीच. मी वाचायचे अन् सगळे बसून ऐकायचे. तीच सवय लागली.”

“संगणकाला हे काय माहीत? या माफीनाम्यावर सही करा. पुढच्या महिन्यात पुन्हा बसता येईल.”

“‘माझ्या हातून गैरप्रकार झाला’ असं लिहिलंय की ह्याच्यात.”

“सगळेच करतात सही.”

“मी नाय करणार. केलंच नाय, तर माफी कशाची? हा माझा अर्ज घ्या. माझा व्हिडिओ एखाद्या माणसानं बघावा, एवढंच मागितलंय.”

“असे अर्ज चालत नाहीत.”

“आधी वाचा तरी.”

“बरं, द्या. बघू काय लिहिलंय.”

“साहेब, तुमचे ओठ हलायलेत.”

“काय?”

“वाचताना. रांगेतल्या सगळ्यांनी बघितलं, विचारा. तुम्ही कुणाला उत्तरं सांगायलात?”

“ठीक आहे. शिक्का मारून घेतो.”

“मारा. अन् माझी पोच द्या. ती मी इथंच, मोठ्यानं वाचणार हाय.”