शिमुलकांदीची नाव आज सुटणार नाही

— नाही, नाफीसभाई, ती पानं पुसायची नाहीत. बाकी सगळं टूल न्या, नाव बदला, रंग बदला, ढाक्याच्या हापिसात नेऊन काचेच्या कपाटात ठेवा, पण शिमुलकांदीची पानं राहणार. तसं कागदावर लिहा, मी आत्ता सही करतो. हसताय? हसा. चहा घ्या आधी, गार होतोय — माझ्या बायकोनं, शिरीनने, मुद्दाम आलं ठेचून घातलंय, तुमच्यासाठी. तिला वाटतं तुम्ही आम्हाला इथून सोडवायला आलात.

मला कळतंय तुमचं म्हणणं. नकाशावर नसलेल्या गावाची एवढी पानं कशाला? कोण वाचतं? सांगतो. मी हे टूल का बांधलं? तर माझ्या क्लासातल्या पोरांसाठी. सिराजगंजातली पोरं, घरबसल्या परदेशातल्या लोकांसाठी लेख लिहितात, आणि रोज येऊन डोकं खातात — मोतालेबभाई, आज कशावर लिहू? आता बाहेरची टूलं महिन्याला जेवढं मागतात तेवढं यांच्या बापानं एकरकमी पाहिलेलं नसतं. म्हणून ‘जिज्ञासा’. फुकट. एक शब्द टाका, त्याच्यापुढे लोक काय काय विचारतात ते सगळं खाली येतं. आणि आमच्याच चौकटीत कुणी काही टाकलं तर तेही लक्षात ठेवतं, मोजतं — ही माझी अक्कल, बाहेरच्यांकडे नाही. लाल दिवा म्हणजे उत्तरं भरपूर, तिकडे फिरकू नका. हिरवा दिवा म्हणजे विचारणारे आहेत आणि उत्तर कुणीच दिलेलं नाही. हिरवं दिसलं की लिहायला बसा, एवढंच शिकवलं मी पोरांना.

तर आब्बांच्या फोनवर मी हेच लावून दिलं होतं. फोन उघडला की समोर चौकट. आब्बा मास्तर होते — चर शिमुलकांदीच्या शाळेत, शाळा, चर, सगळं आमच्या जमुना नदीनं नेलं तोपर्यंत. तुम्ही ढाक्याचे, तुम्हाला चर म्हणजे नदीतलं बेट एवढंच माहीत. आम्ही तिथून फक्त घराचे पत्रे काढून आणले. हे वर बघा — तेच पत्रे. मग म्हातारपणी त्यांचं डोकं मागे मागे जायला लागलं, आणि एक दिवस ते पार चरावर जाऊन पोचले. संध्याकाळ झाली की छत्री घ्यायचे, कडी काढायचे — घरी जातो. कुठलं घर, आब्बा? ऐकतात थोडेच! दोनदा त्यांना बंधाऱ्याच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवरून उचलून आणलं, पाय पाण्यात, नावेची वाट बघत.

आणि मग एका सकाळी टूलवर हिरवा दिवा. ‘शिमुलकांदीची नाव कधी सुटते.’ मी हादरलो — कोण विचारतंय? बुडालेल्या गावाची नाव? खाली आणखी — ‘शिमुलकांदीच्या शाळेला सुट्टी आहे का’, ‘शिमुलकांदीला आज पाणी किती’. शेजारच्या खोलीत बघतो तर आब्बा, एक बोट, एक एक अक्षर. त्यांना वाटायचं चौकट उत्तर देते. कुठून देणार? ती फक्त प्रश्न गोळा करते, बिचारी.

मग उत्तराचं पान मी लिहिलं, त्या प्रश्नाखाली जोडलं. करणार काय? हिरवं दिसलं की लिहायला बसा! ‘शिमुलकांदीची नाव आज सुटणार नाही. वारा फार आहे. उद्या फजरच्या नमाजानंतर घाटावर चौकशी करावी.’ आब्बांनी वाचलं, छत्री खुंटीला लावली, म्हणाले, बरोबर आहे, या वाऱ्यात कोण नावाडी नाव काढणार? आणि भाताला बसले. तेव्हापासून रोज संध्याकाळी नवं पान. कधी धुकं, कधी नावाड्याची पोरगी आजारी, कधी वल्हं मोडलं. शिरीन म्हणायची, तू आब्बांना फसवतोस. फसवतो तर फसवतो, बुडू तर देत नाही ना!

ते गेले मागच्या थंडीत. बिछान्यातच, झोपेत. अल्लाची मेहेरबानी.

हो, तेच सांगतोय — मग पानं अजून का? कारण प्रश्न थांबले नाहीत, भाई. ना-ही, भुतंबितं नाहीत, मी शिकलेला माणूस आहे. चरावरचे लोक तुमच्याकडच्या गाझीपूरच्या कपडे-कारखान्यांत शिवणयंत्रांवर आहेत, मस्कतला आहेत, कुठं कुठं आहेत. कुणाला तरी पानं सापडली, त्यानं दुसऱ्याला सांगितलं. तेही आता विचारतात. आज नाव आहे का? त्यांना काय माहीत नाही गाव बुडालं? डोळ्यांनी बघितलंय त्यांनी. तरी विचारतात. आणि मी लिहितो, आज नाही, उद्या बघू. सगळ्यांना तेवढंच हवंय.

शिरीनला जायचंय. तिचंही खरं आहे, नदी परत बंधाऱ्याशी आलीय, या पत्र्यांना पुन्हा उचलायचं तिच्या जिवावर येतं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. ढाक्याला नोकरी, पक्की खोली, सगळं कबूल. पण तुमची माणसं चौकटीतले जुने प्रश्न पुसून कोरी करणार म्हणालात... सगळेच पुसणार? एकही नाही ठेवणार?

बरं, एक दाखवतो. हे मी कुणाला दाखवलेलं नाही. ‘मोता’ एवढंच टाकतो, बघा खाली काय येतं.

‘मोतालेब जेवला का.’

हो. आब्बाच. मी इकडे क्लासाच्या खोलीत, ते आत, मधे एवढी एक भिंत — हाक नाही मारायचे, चौकटीला विचारायचे. त्यांच्या हिशेबी मी त्या चौकटीतच राहत होतो. बघून मला हसू यायचं. नावेची इतकी पानं लिहिली, पण याचं उत्तर मी एकदाही लिहिलं नाही, भाई. उठून आत जाऊन तोंडानंसुद्धा सांगितलं नाही. दिवा अजून हिरवा आहे, बघा.

आणि शेजारचा आकडा, किती वेळा विचारलं त्याचा. तो वाढतो. आब्बांचा फोन पेटीत आहे, कधीचा बंद. शिरीनला विचारलं, ती म्हणाली, मला जेवायला बोलवायचं तर मी ओरडेन, चौकटीला कशाला विचारू? चरावरचं कुणी असेल, चुकून बोट लागत असेल... असेल ना? आब्बांचं एक होतं, मगरिबची, सूर्यास्ताची अजान संपली की विचारायचे. आणि आकडा पण नेमका —

थांबा. बोलू नका. अजान संपली.

बघितलात? आत्ता, एकानं वाढला. मी हात लावला नाही. तुमचे दोन्ही हात कपाला आहेत.

नाफीसभाई, उठा तुम्ही. नाही, रागावलो नाही. कागद घेऊन जा, सही होणार नाही. शिरीनशी मी बोलेन, ती रडेल, ते माझं मी बघेन. ढाक्याची बस वडाखालून सुटते, पळालात तर मिळेल. चहा राहू द्या. जा म्हणतो ना — मला लिहायचंय. ‘नाही, आब्बा, अजून नाही जेवलो. आता बसतो.’ दार ओढून घ्या.