वाटेवरच्या माणसाचं पान

जन्माचं विचाराल तर माण तालुका, म्हसवडच्या अलीकडं आमची वाडी, आणि सासरही तिथलंच, मधे दोन डोंगर, त्यामुळं लग्न झालं तरी माझं काही बदललं नाही, तीच कुसळं, तेच बाभळीचे काटे, तीच बाजरीची भाकरी. मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ. आई म्हणायची, देवा, हिला शांत नवरा दे रे बाबा, नाहीतर दोघं एकमेकांच्या झिंज्या उपटतील. आणि मिळाला बघा शांत. आमचे हे मास्तरांचे धाकटे, कराडला डिप्लोमा केला, पुण्यात कारखान्यात लागले, तिथून साहेबानं धाडलं ते थेट जपानला. सासूबाईंना जागेचं नाव सांगितलं, हिगाशी-कसाई, तर त्या म्हणाल्या, अगं बया, कसायाच्या गावात कशाला जाताय लेकराला घेऊन. किती हसलो होतो आम्ही तेव्हा.

तेव्हा इथं आपली माणसं बोटावर मोजावी एवढीच होती. आम्ही वर राहायचो, खाली घरमालकीण, म्हातारी, एकटीच. मनू माझी पाच वर्षांची, ती तिला ओबाआसान म्हणायची, म्हणजे आजीच, मग मीही आजीच म्हणायला लागले. आमची ओळख झाली ती कचऱ्यावरनं. जळणारा कचरा एका दिवशी, न जळणारा दुसऱ्या दिवशी, मला काय ठाऊक, मी दिली पिशवी ठेवून, तर म्हातारी ती पिशवी घेऊन जिना चढून वर आली, माझ्या दारात ठेवली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेली. शिव्या दिल्या असत्या ना, तर बरं वाटलं असतं, मला उत्तर तरी देता आलं असतं. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, तुला अखेर तुझ्या तोडीची भेटली.

ह्यांचा कारखाना जवळच, सायकलनं जायचे. गाडीला दणके बसू नयेत म्हणून चाकापाशी शॉक ॲब्झॉर्बर असतो ना, ते बनवायचे तिथं. तिथले एक मोरी-सान म्हणून, इथं नावापुढं सान लावतात, आपलं राव असतं तसं, ट्रक चालवण्यात वस्ताद, ते दरवर्षी वाळवंटातल्या मोटारींच्या शर्यतीला जायचे. शर्यत म्हणजे आपल्या बैलगाड्यांची असते तशी नव्हं, धुरळा उडाला अन् संपली. ही आठवडेच्या आठवडे चालायची, सहारात, रस्ता नाही का पाटी नाही. मोरी-सानचा ट्रक सुटे भाग घेऊन मागनं जायचा, कुणाची गाडी मोडली की दुरुस्तीला. त्या साली ह्यांनी बनवलेले नवीन ॲब्झॉर्बर बसवले होते गाड्यांना, तर मालक म्हणाले, माने-सान, ट्रकमध्ये तुम्हीच जा. काय सांगू तुम्हाला, गडी घरी आला तो नाचतच आला. एवढा शांत माणूस, पण मनूला खांद्यावर घेऊन घरभर फिरला.

निघायच्या आधी मोरी-सान जेवायला आले. पिठलं-भात केला होता, घाम पुसत पुसत खाल्लं त्यांनी. आणि सांगत होते तिथलं, मनू मला मराठीत सांगायची, जमेल तेवढं. वाळूची टेकडी चढताना बरी दिसते पण पलीकडनं कापल्यासारखी असते, माथ्यावर गेलं की पुढं जमीनच नसते. पुढच्या गाडीच्या धुळीत स्वतःचा हात दिसत नाही. आणि काहीही झालं, गाडी मोडली, उलटली, तरी गाडी सोडून चालत जायचं नाही, कारण विमानाला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. हे हसले. म्हणाले, मोरी-सान, मी दुष्काळी भागातला आहे, आमच्याकडं कुठनंही चालायला लागा, जरा वेळानं वस्ती लागतेच, कुत्रं भुंकतं, कुणीतरी तांब्याभर पाणी देतं. मीपण मान डोलावली. खोटं काय होतं हो त्यात? आम्ही दोघं तसेच वाढलो. अशी जागा असते, जिथं चालत राहिलं तरी कुणीच लागत नाही, हे माणातल्या माणसाच्या डोक्यात शिरणार कसं?

हे गेले. इथलं नवीन वर्ष आलं. मी मनूला आणायला खाली गेले तर आजीच्या बुटक्या टेबलावर तीन पानं वाढलेली. एक तिचं, एक मनूचं, आणि एक बसायच्या मोकळ्या गादीसमोर, भाताच्या वाडग्यावर झाकण, सूप, लोणचं, जेवायच्या काड्या. म्हणलं, हे कुणाचं गं? मनू म्हणाली, बाबांचं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली बघा. आपल्याकडं समोर नसलेल्या माणसाचं पान कधी वाढतात? पित्रांना. मी मराठीतच सुरू झाले, जिवंत माणसाचं पान वाढता, जीभ झडंना का तुमची असं काय काय बोलले, आणि ते पान उचलायला गेले, तर आजीनं माझं मनगट धरलं. केवढी ती पकड, एवढ्याशा म्हातारीची. मग ती सावकाश बोलली आणि मनूनं सांगितलं, आई, आजी म्हणते हे मेलेल्याचं नाही, मेलेल्याच्या भातात काड्या उभ्या खोचतात, या बघ आडव्या ठेवल्यात, हे वाटेवरच्या माणसाचं पान आहे, घरी वाढलं की तो तिकडं उपाशी राहत नाही. आणि म्हणते, झाकण उघडल्यावर आत पाण्याचे थेंब दिसले की समजायचं माणूस खुशाल आहे. मी म्हणलं, सांग तुझ्या आजीला, असली थेरं माझ्या घरात नकोत. आणि दार आपटून वर गेले.

मग फोन आला. कारखान्यातनं. धुळीचं वादळ झालं, ट्रक मुक्कामाला पोचला नाही, विमानं उडू शकत नाहीत, शोध चालू आहे. मग आपल्या वकिलातीतनं आला, तिथं कुणी मराठी नव्हतं पण हिंदी बोलणारा होता, तो म्हणाला, पतीचं पूर्ण नाव सांगा. लग्नात उखाणा घेतला होता तेवढाच, त्यानंतर नाव घेतलं नव्हतं मी ह्यांचं. फोनमध्ये घेतलं. तो म्हणाला, जरा मोठ्यानं. परत घेतलं.

मला घास उतरेना. पाणीसुद्धा गिळवत नव्हतं, वाटायचं, तिकडं ह्यांना मिळालं असंल का? आजी रोज दुपारी ताट घेऊन वर यायची. ताट ठेवायची आणि झाकण माझ्याकडं सरकवायची. पहिल्या दिवशी मी तोंड फिरवलं. मनूनं उघडलं आणि ओरडली, आई, थेंब! खरंच होते. झाकणाच्या आत बारीक बारीक, दाटीनं. काय सांगू, माझ्यासारखी बाई, जी असल्या गोष्टींना थेरं म्हणायची, ती त्या झाकणाला दोन्ही हातांनी धरून बसली. आजीनं वाडगा माझ्यापुढं केला. मनूच्या तोंडून म्हणाली, हे वाया घालवायचं नसतं, घरच्यानं खायचं असतं. मी खाल्लं. मग रोज तेच. मी तिची वाटच बघायची, जिन्यावर पाय वाजला की दारात. झाकण उघडायचं, थेंब बघायचे, जेवायचं. मोरी-सान सापडल्याचा फोन आला, ट्रकपाशीच, जिवंत. माने-सान तिथं नव्हते म्हणाले. त्या दिवशी पण थेंब होते. म्हणलं, हे चालत गेले असतील, कुठंतरी वस्तीवर असतील, भाषा येत नसंल म्हणून निरोप नाही.

हे सापडले तेव्हा जीव जाऊन बरेच दिवस झाले होते.

मी खाली गेले ती पायात चप्पल न घालता. आजी भांडी घासत होती. तिच्या मांडणीवरनं ते झाकण उचललं आणि भिंतीवर फेकलं. थेंब होते की गं, म्हणलं, रोज थेंब होते, तो तिकडं मरून पडला होता आणि तुझे थेंब येतच होते! मराठीत बोलत होते, पण तिला सगळं कळलं. ती खाली बसली, फुटके तुकडे गोळा करत. सोपं जपानी मला थोडं कळायचं, आणि ती अगदी सोपं सोपं बोलली. म्हणाली, माझा नवरा युद्धावर गेला होता. मी रोज पान वाढलं. रोज थेंब आले. युद्ध संपलं, बाकीचे परत आले, तरी थेंब येत होते. गरम भातावर झाकण ठेवलं की थेंब येणारच. म्हणलं, मग मला का खोटं सांगितलंस? ती म्हणाली, माझ्या सासूनं मला सांगितलं होतं तेच तुला सांगितलं. तुझ्या पदरात लेकरू आहे, आणि तू जेवत नव्हतीस.

मी तिथंच बसले तिच्याजवळ, आणि रडले हो. त्याआधी रडले नव्हते.

मोरी-सान पुढं कुबड्या घेऊन आले, मोडका पाय तसाच पसरून जमिनीला कपाळ लावलं. त्यांनीच सांगितलं, टेकडीच्या माथ्यावरनं ट्रक खाली गेला, ह्यांना खरचटलं नाही, मोरी-सानचा पाय अडकून मोडला होता. हे म्हणाले, जरा वेळात माणूस घेऊन येतो. ते नको नको म्हणत होते. पाणी सगळं त्यांच्याजवळ ठेवलं, आपण एक बाटली घेतली, आणि चालायला लागले, आपल्या माणात लागतात तसे. मोरी-सान हॉर्न वाजवत राहिले, बॅटरी उतरेपर्यंत. वाऱ्यात ऐकू गेला नसंल. सापडले ते फार लांब नव्हते, दुसऱ्याच टेकडीमागं, आणि तोंड ट्रककडं होतं. परत येत होते. मी मोरी-सानला म्हणलं, उठा, तुमचा काही दोष नाही. दोष कुणाचा म्हणायचा, चालायला शिकवलं त्या रानाचा?

गावाकडं दिवस घातले, पिंडाला कावळा शिवला. सासूबाई म्हणाल्या राहा, पण मनूची बोली इथली, शाळा इथली, आणि ह्यांच्या मालकानं मला पॅकिंगला लावून घेतलं. तीच सायकल चालवते मी, ह्यांची, सीट तेवढी खाली करून घेतली. खोकी बांधताना कधीकधी मनात येतं, हा माल कुठं जाणार, शहरात जाऊ दे रे बाबा, रस्त्यावरच्या गाडीला लागू दे.

आता मनू सहावीत आहे, मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते, चाललंय आमचं. आजी आता दवाखान्यात आहे, परत घरी येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. काल भेटायला गेले तर हात धरला, पकड राहिली नाही आता. विचारलं तिनं, जेवलीस का? ह्यांच्या माघारी रोज हेच विचारत आली आहे ती मला. देव तिला फार त्रास न देता नेवो, एवढंच मागते.

आणि मनू शाळेच्या सहलीला गेली आहे, परवा येईल. म्हणून ही दोन पानं, तुम्ही आल्यापासनं बघताय आणि विचारत नाही, मला कळतंय. एक आजीचं, एक मनूचं. दोन मला जाणार नाहीत, एक तुम्हाला खावं लागंल. नको म्हणू नका, हे वाया घालवायचं नसतं. थेंब भाताचेच असतात, मला चांगलं ठाऊक आहे. बसा तुम्ही, पुढं सरका. झाकणं तेवढी मला उघडू द्या.