सहा ते नऊ जिन्यात

मंडळी, टाळ खाली ठेवा, मोबाईल गप्प करा, आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. महागडं शहर आहे. पगार तगडा आहे. तर त्या पगारात संसार होतो का?

हो? तुम्ही हो म्हणालात? तुमचा मुलगा कुठे असतो, आजोबा? बंगळुरूला! मग तुम्ही म्हणणारच. आणि मागून कोण नाही म्हणालं? सूनबाई दिसतायत. राहू द्या, नाव विचारत नाही.

मी एका घराची गोष्ट सांगतो. उत्तर त्यात आहे.

चिपळूणचा हेरंब साठ्ये. वय छत्तीस. कॉम्प्युटरमधला हुशार मुलगा. नोकरी मुंबईत, घर पवईला, भाड्याचं, एकोणिसाव्या मजल्यावर. महिन्याला हातात किती? तीन लाख! पेटीवाले, सूर सोडू नका. तीनच लाख म्हणालो.

घरात बायको शाल्मली. मुलगी जुई, वय वर्षं सहा. शाल्मली घरांचे नकाशे काढायची. जुई झाली, पाळणाघर बघितलं, पाळणाघराची फी ऐकली आणि बाई घरी बसली. तीन लाखांतला एक लाख भाड्यात जायचा. उरलेल्यात शाळा, गाडीचा हप्ता, किराणा. पुरायचं का? पुरायचं, मंडळी. खोटं कशाला सांगू? महिन्याच्या शेवटी थोडं उरायचंसुद्धा.

मग श्रावणात हेरंबचे वडील गेले. आई, कुंदाताई, चिपळूणला एकट्या. हेरंब म्हणाला, "आई, तू एकटी राहायचं नाहीस. आपल्याकडे दोन बेडरूम आहेत. एक तुझी!" मुलगा चांगला हो! मनापासून बोलला. आई आल्या. सोबत दोन लुगडी, एक औषधांचा डबा आणि बाळकृष्ण. एवढा, चार बोटांचा, पितळी.

आणि त्याच महिन्यात हेरंबला बढती मिळाली.

आनंद झाला? झाला. पण साहेब लंडनला. त्यांची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. रोज सहा ते नऊ मीटिंग, घरातूनच. त्याला दार लावायला खोली हवी. मग कोणती खोली? आईची. पलंग काढून तिथे ऑफिस मांडलं. हेरंब म्हणाला, "आई, तात्पुरतं हं. थोडे दिवस हॉलमध्ये झोप." आई म्हणाल्या, "मला काय, कुठेही झोप येते."

आया असंच म्हणतात. तुम्ही विश्वास ठेवत जाऊ नका.

नवरात्र आलं. संध्याकाळी सात वाजता कुंदाताईंनी बाळकृष्णाची आरती केली. घंटा वाजवली. तिकडे लंडनचा साहेब दचकला. म्हणाला, "हेरंब, तुमच्या इमारतीला आग लागली आहे का? आम्ही थांबतो, तुम्ही बाहेर पडा." बिचारा काळजीने बोलला! हेरंबने माफी मागितली. मीटिंग संपल्यावर बाहेर आला आणि अगदी हळू, सभ्यपणे म्हणाला, "आई, सहा ते नऊ जरा आवाज नको."

ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, मिटलं असतं.

त्या दिवसापासून घर शांत झालं. हेरंब खुशीत. सहा वाजता दार लावायचं, नऊ वाजता उघडायचं. कुकरची शिट्टी नाही, जुईचा दंगा नाही, आईचा खोकला नाही. मित्राला अभिमानाने सांगायचा, "आमच्या घरच्यांचं फार सहकार्य आहे!"

असं तीन महिने चाललं.

मग जानेवारीतली एक संध्याकाळ. सात वाजून दहा मिनिटं. वीज गेली. इंटरनेट गेलं. साहेब अर्ध्या वाक्यात गोठला. हेरंब दार उघडून बाहेर आला.

हॉल रिकामा! स्वयंपाकघर रिकामं! "शाल्मली!" उत्तर नाही. फोन लावला, तर फोन ओट्यावर वाजला. "आई! जुई!" कोणी नाही. आईच्या चपला दारात नाहीत. देवाच्या कोनाड्यात बघितलं, तर बाळकृष्णसुद्धा नाही!

मंडळी, माणसाला काय वाटतं तेव्हा? बायको मुलीला, सासूला आणि देवाला घेऊन निघून गेली! पळत बाहेर आला. लिफ्ट बंद. चार वर्षं त्या इमारतीत राहिला, पण जिन्याचं ते जड दार कधी उघडलं नव्हतं. आज उघडलं.

खालून हसण्याचा आवाज आला.

एक मजला उतरला. तर वळणावर, भिंतीला टेकून, उशी घेऊन आई बसल्या आहेत. मांडीवर जुई. एका पायरीवर बाळकृष्ण, त्याच्यापुढे निरांजन. खालच्या पायरीवर भाताचं पातेलं, आमटी, लोणच्याची बरणी. शाल्मली पानं वाढते आहे. त्याची बायको हसते आहे! कधी बघितलं होतं तिला हसताना, ते आठवेना.

"तुम्ही इथे काय करताय?" हेरंब ओरडला.

जुईने तोंडावर बोट ठेवलं. "बाबा, हळू बोल. तुझी मीटिंग चालू आहे ना?"

आई म्हणाल्या, "उभा का? बस. आमटी गरम आहे."

"किती दिवस चाललंय हे?"

"नवरात्रापासून," शाल्मली म्हणाली.

"मला सांगायचं नाही?"

"सांगायला आले होते. तू असा हात वर केलास. एक मिनिट, म्हणालास." तिने भात वाढला. "त्या मिनिटाला तीन महिने झाले, हेरंब."

लाख रुपये भाडं, मंडळी! घरात कोण राहत होतं? नोकरी. आणि ज्यांच्यासाठी नोकरी, ती माणसं पायरीवर. देवासकट!

हेरंब पायरीवर बसला. रडला. आईने पाठीवर हात ठेवला, पण समजूत घातली नाही. रडू दिलं.

आता तुम्हाला वाटलं असेल, त्याने नोकरीला लाथ मारली. छे हो! गाडीचा हप्ता आहे. वीज आली, तो वर गेला, तोंड धुतलं, मीटिंग पूर्ण केली. पण सकाळी साहेबाला सांगितलं, "सहानंतर मला जमणार नाही."

साहेब भला माणूस. म्हणाला, "समजतं मला. पण मग ही जागा दुसऱ्याला द्यावी लागेल." दिली! पगार बढतीआधीच्या तीन लाखांच्याही पन्नास हजार खाली उतरला. पवई परवडेना. डोंबिवलीला बिऱ्हाड हलवलं. जुईची शाळा बदलली, ती पंधरा दिवस रडली. शाल्मलीने स्पष्ट सांगितलं, "माझ्यासाठी त्याग केलास असं कुणाला सांगायचं नाही. मी कामाला लागते आहे." लागलीसुद्धा. दुपारी जुईला आजी सांभाळते.

आणि आईंना खोली मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी आतून दार लावलं. दोन तास झाले, उघडेनात! हेरंबने घाबरून ठोठावलं. आतून आवाज आला, "एक मिनिट!"

मी डोंबिवलीला कीर्तनाला गेलो होतो, तेव्हा हे सगळं हेरंबनेच मला सांगितलं. मी विचारलं, "खरं सांग, पश्चात्ताप होतो का?"

"होतो, बुवा."

"कधी?"

"एप्रिलमध्ये. बाकीच्यांची पगारवाढ होते तेव्हा. मे महिन्यात कमी होतो."

मला त्याचं हे बोलणं आवडलं. संत नव्हता झाला तो. संसारी माणूस होता, तसाच राहिला.

तर उत्तर काय? मोठ्या पगारात संसार होतो का? होतो. पगार भाडं भरतो, फी भरतो. त्याला नावं ठेवू नका. पण घरात कोणी कुठे बसायचं, हे पगाराला ठरवू द्याल, तर तो सगळ्यात चांगली खोली स्वतःला घेईल. ते ठरवायचं आपण!

हे झालं कमावणाऱ्यांसाठी. आता शेवटचं विचारतो, ते पुढच्या दोन रांगांना. आजी, आजोबा, तुम्ही रोज संध्याकाळी सहाला या देवळात येता. नऊपर्यंत बसता. मी कौतुक करतो, किती ही भक्ती!

भक्तीच आहे ना? की घरी कुणाची मीटिंग चालू आहे?

मला सांगू नका. तो समोर उभा आहे, त्याला सांगा. आणि घरी गेलात की, ज्याला सांगायला हवं, त्यालाही सांगा.

चला, टाळ उचला. नाम घेऊ, मोठ्याने! इथे कुणाची मीटिंग मोडत नाही.