ग्राझमधला आरामाचा दिवस

— खोटं सांगत असेन तर ही कोपी — इथली कॉफी हो — मला इथल्या इथे बाधेल, प्रतापराव. या डोळ्यांनी पाहिलंय मी तुमच्या त्या अनिमेषला. ग्राझमध्ये. ऑस्ट्रियातलं गाव, व्हिएन्नाहून ट्रेन जाते. भर दुपारी बारमधून बाहेर पडत होता, आणि बरोबर हिरव्या केसांची एक मुलगी. वर बर्फ पडत होतं — ऑक्टोबरात, हो, पडतं कधीकधी — बरं, बर्फ नसेल, पाऊस असेल, तुम्ही काय हवामान खात्यातून आलात? भाचीच्या स्थळाची चौकशी करायला पुण्याहून विमानाने इथवर आलात ना, मग मुलाचं विचारा. — अहो, तो टिश्यूचा पुडा नका उचलू, तो ठेवून जागा धरलीय कुणीतरी. इकडे सरका.

मंडळात कुणीतरी माझं नाव सांगितलं असेल. 'प्रबोधला विचारा, मुलाचा बाप निशिकांत, त्याच्या घरातलाच माणूस आहे तो.' बरोबर? खरंय. इथेच बिशानमध्ये एका ब्लॉकमध्ये वर-खाली राहायचो आम्ही, तो मरीन परेडच्या कॉन्डोत जाईपर्यंत. एकाच ऑफिसात होतो. त्याचा हा अनिमेष माझ्या जेवणाच्या टेबलाखाली लपून मोठा झाला. मंडळातल्या लोकांना फक्त एवढंच ठाऊक नाही, की गेल्या गणपतीपासून मी निशिकांतशी एक शब्द बोललेलो नाही. आणि त्यांनी तुम्हाला नेमकं माझ्याकडे पाठवलं! मी सकाळी देवाला हात जोडले, खोटं नाही. म्हटलं, बाप्पा, उशीर केलास, पण माणूस बरोबर पाठवलास.

काय झालं विचारता? मोदक झाले. आमच्याकडे गणपती, निशिकांत नेहमीसारखा जेवायला. संजीवनीने — माझी बायको — उकडीचे केले होते. त्याने मोदक फोडला, वर तूप मागितलं. मग परत मागितलं. वहिनी, हात आखडू नका म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला एचआरचं बोलावणं. टीममधलं एक माणूस कमी करायचं होतं, ते कोण हे ठरवायचं होतं साहेबांनी, आणि साहेब कोण? निशिकांत. म्हणजे तूप मागताना त्याला माहीत होतं! मोदक गिळताना माहीत होतं! आमचं पीआर होतं, कायम राहण्याचा परवाना, म्हणून इथे राहिलो तरी, नाहीतर बोऱ्याबिस्तरा गुंडाळावा लागला असता. आणि लिफ्टपाशी मला गाठून म्हणतो कसा — प्रबोध, थोडी विश्रांती घे, युरोप बघून ये.

बघून आलो. हट्टाने गेलो. दसरा झाला आणि निघालो, एकटा. संजीवनीला शाळेची रजा मिळत नव्हती, आणि खरं तर तिला मी घराबाहेर हवा होतो, दिवसभर निशिकांत-निशिकांत ऐकून तिचं डोकं उठलं होतं. तुम्हाला वाटेल, हा म्युझियमं बघायला गेला. कसली म्युझियमं! रोज एक फोटो काढायचा — चर्चसमोर, पुलावर, हातात वाइनचा ग्लास — आणि निशिकांतला पाठवायचा. खाली एकच ओळ: विश्रांती चालू आहे. तोही केव्हा? इथे त्याची सकाळची मीटिंग सुरू होताना. म्हणजे तिकडे भली पहाट. गजर लावून उठायचो, फोटो पाठवायचो, ते दोन निळे टिक उमटेपर्यंत बघत बसायचो. मग झोप कुणाला येतेय? आनंदाने उचंबळून यायचं. हसू नका. एकदा करून बघा.

आणि मग ते ग्राझ. आदल्या दिवशी लॉजच्या पाटीखाली फोटो काढला होता, झकास. दुसरा दिवस आरामाचा — संजीवनीची अट होती, आठवड्यातून एक दिवस फोन बंद करून झोपून राहायचं. ती त्या दिवशी फोनसुद्धा करायची नाही. पहाटेचा फोटो मात्र मी त्याही दिवशी पाठवायचो, मग फोन बंद. पण तसला आराम कसला, मी तापाने फणफणलो होतो. इतक्या पहाटा उठलेलो, अंगात राहिलंय काय! गजर वाजला की नाही तेही कळलं नाही. पांघरुणातून हात बाहेर काढवेना —

काय? मग बार कसा दिसला? खिडकीतून दिसला. समोरच होता. बरं, बार म्हणजे — औषधांचं दुकान होतं. पण उशिरापर्यंत उघडं असायचं, बारसारखं. हिरवे केस खरे आहेत, त्या दुकानातल्या बाईचे. ती दारापर्यंत येऊन त्याला गोळ्या कशा द्यायच्या ते सांगत होती. हो, मलाच. माझ्यासाठीच. आता आपला मुलगा परगावी असा गोळ्या घेत फिरतो म्हणजे — अहो, मला चौकशीचं तंत्र शिकवू नका, प्रतापराव. स्थळ मोडायला बार लागत नाही, मुलगी लागत नाही. 'मुलगा तसा चांगला आहे, पण...' एवढं म्हणायचं आणि कोपीचा घोट घ्यायचा. पुढचं सगळं चौकशीला आलेला माणूस स्वतःच रचतो, पुण्याला पोचेपर्यंत. तो 'पण' आज सकाळपासून माझ्या जिभेवर आहे. निशिकांतच्या घरचं पहिलं कार्य, आणि ते माझ्या जिभेवर! त्याच्या तुपाची चव आता मी घेणार.

तर अनिमेष आला. योगायोग हो, त्याच गावात काहीतरी काम होतं म्हणाला. व्हिएन्नाला नोकरी करतो ना. इथलं एनएस, ती सक्तीची लष्करी नोकरी, करून गेलेला मुलगा, खांदे असे. दारातून म्हणतो, "अंकल, तुम्ही खूप थकले, लाह." मराठी त्याचं तसंच, वर इथल्या बोलीतलं ते 'लाह', बाप घरी इंग्रजी झाडतो मग काय होणार. मी भिंतीकडे तोंड केलं. म्हटलं, जा. तर गेला नाही. लॉजवालीचं स्वयंपाकघर मागून घेतलं आणि भात शिजवला. खिचडी कुठली येतेय त्याला — आलं किसून पातळ पेज केली, इथे या खाण्याच्या टपऱ्यांवर, हॉकर सेंटरला मिळते तशी. मीठ विसरला. मी म्हटलं, मीठ नाही. तर सॉरी म्हणून परत खाली गेला, मीठ घेऊन आला. मग माझे दोन बनियन बेसिनमध्ये धुऊन हीटरवर पसरले. सांगितलं नव्हतं मी. मी डोळे मिटून पडलो होतो, त्याला वाटलं झोपलो. कुणी बघत नसताना बनियन पिळत होता हो तो माझे. बापाने ज्याला लाथ घातली त्याचे.

तुमची भाची गार्गी स्वभावाने कशी आहे? नाही, मघाशी म्हणालात ना — भर मीटिंगमध्ये साहेबाला म्हणाली, हे काम माझं आहे, माझं नाव घाला? म्हणाली? तोंडावर? वा! मग द्याच. डोळे झाकून द्या. मुलगा सोनं आहे, त्यात 'पण' नाही. आणि सासऱ्याच्या जेवणाच्या टेबलावर अशी एक पोरगी रोज समोर असू दे. व्हिएन्नाला राहतील म्हणता? असू दे, दिवाळीला तर येतील! तो तूप मागेल आणि ती विचारेल, बाबा, परत कशाला? मी नसेन तिथे, पण मला इथे बसून ऐकू येईल.

उठता? नाही, थांबा. भाचीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, म्हणून. बार खोटा ते तुम्ही ओळखलंच. योगायोग खोटा आहे. अनिमेषचं ग्राझमध्ये काहीही काम नव्हतं. इथे निशिकांतची मीटिंग सुरू झाली आणि माझा फोटो आला नाही. माझ्या घरी कुणाला कळलं नाही, इथे कुणाला कळलं नाही, त्या हरामखोराला कळलं. त्याने मीटिंग सोडली, आदल्या फोटोतली लॉजची पाटी मोठी करून वाचली आणि पोराला झोपेतून उठवून ट्रेनमध्ये बसवलं. पोरानेच सांगितलं, पेज भरवताना. मी तेव्हापासून दुसरा फोटो पाठवलेला नाही.

बघता काय? माफ केलेलं नाही मी त्याला. आता तर मुळीच नाही. जा. तुमची चौकशी झाली.